अर्ध्या फाटकातला मामा

पोरं मोजायची नाहीत असा नियम असलेली शाळा अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असेल आणि ती माझ्या मामाची आहे. म्हणजे खरं तर ती मामा-मामीची आहे, आणि मामीला विचारलंत तर ती मामीची आहे आणि मामा तिथं फाटकात उभा असतो. दोन्ही खरं आहे. शाळा म्हणजे बालवाडी, नर्सरी आणि छोटा गट, दौंड तालुक्यात वरवंडला, हायवे सोडून आत वळलं की उसाच्या कडेला. नाव सांगत नाही, कारण लगेच ॲडमिशनला फोन येतील आणि जागा नाहीये. मी तिथं दोन वर्षं टीचर आहे, रोज खुटबाववरून स्कूटीवर येते, आणि त्या आवारात मामाची खरी भाची मी एकटीच. बाकी सगळे त्याला फुकटचं मामा म्हणतात. पोरं म्हणतात, पोरांच्या आया म्हणतात, पाण्याचे जार देणारा म्हणतो, आणि एकदा तर एका पोराचे सत्तरीतले आजोबा त्याला मामा म्हणाले तेव्हा मामाच दोन मिनिटं हिशोब लावत बसला होता की हे नातं कुठून लागतं.

शाळा निघाली ती अशी. मामा कुरकुंभला एका कंपनीत होता आणि मामी ओसरीत शेजारपाजारची पोरं जमवून त्यांना रंग, अक्षरं, गाणी शिकवायची. मामाचं कंपनीतलं काम सुटलं त्याच महिन्यात मामीच्या ओसरीत पोरं मावेनात. मामा चार दिवस गप्प बसला आणि पाचव्या दिवशी त्यानं कांदाचाळ रिकामी करायला घेतली. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट खोली, बाजूला पट्ट्यापट्ट्या, आरपार वारा. मामाचं म्हणणं, "ज्या हवेत कांदा सहा महिने नासत न्हाई, त्या हवेत पोरगं तीन तास बसायला काय हरकत हाय?" मामीनं पट्ट्यांवर फुलपाखरं रंगवली, खाली गाद्या घातल्या, पण पहिलं वर्षभर आमच्या पोरांना कांद्याचा वास यायचा. आया लांबूनच ओळखायच्या, हे त्या शाळेतलं. मामीला फार लागायचं ते. मामा म्हणायचा, "युनिफॉर्म नको मग, वासच युनिफॉर्म."

मामी मात्र शिकलेली बाई. दर शनिवारी एसटीनं पुण्याला जाऊन तिनं बालशिक्षणाचा कोर्स केला, आणि तिथून ती इंग्रजी शब्द आणायची, जसे लोक मंडईतून भाजी आणतात. मामा तिला शाळेच्या वेळेत "मॅडम" म्हणतो, शाळा सुटली की "अगं". मामी त्याला दोन्ही वेळेला "अहो"च म्हणते, त्यामुळे छोट्या गटातली निम्मी पोरं त्याला "अहो मामा" म्हणतात. एकदा मामी बोर्डापुढं उभं राहून मला समजावत होती की नव्या पोरांना सेपरेशन अँग्झायटी असते. मामा दारातून म्हणाला, "म्हंजी आई पायजे. सरळ सांगा की मॅडम." मामीचा राग ओळखायची एक खूण आहे. ती रागावली की पुण्याची मराठी सोडते आणि थेट कवठ्याची बोलते. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई, ते तिचं माहेर. त्या दिवशी ती म्हणाली, "तुमाला काय कळतंय वो त्यातलं?" आणि मामा गुपचूप फाटकाकडं गेला.

आता फाटकाचं सांगते, कारण मामा म्हणजेच फाटक. आमच्या फाटकाला दोन पल्ले आहेत पण उघडतो एकच, आणि तोही अर्धा. एका वेळी एकच पोर आत येईल एवढंच. मामा त्या फटीत उभा राहतो. पोर आलं की डोक्यावर हात, तोंडातल्या तोंडात नाव, की पोर आत. पुन्हा हात, पुन्हा नाव. सुटताना परत तेच. मामी रोज आतून ओरडायची की प्रार्थनेला उशीर होतोय, दोन्ही पल्ले उघडा. मामाला ऐकूच यायचं नाही. हे सगळं त्यानं आबांकडून घेतलंय. आबा म्हणजे माझे आजोबा, मामाचे वडील, ते मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे, पावसाच्या तोंडावर वर यायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, पण मामा लहानपणी दोन वर्षं त्यांच्याबरोबर चालला होता. आबांनी जन्मात मेंढरं मोजली नाहीत. मोजलं की दृष्ट लागते म्हणायचे. संध्याकाळी जाळीचं कुंपण लावून एकच फट ठेवायचे आणि एकेक मेंढरू आत सोडायचे, पाठीवर हात ठेवून. सगळी आत गेली की म्हणायचे, लंगडीमागची काळी न्हाई आली. आणि जाऊन घेऊन यायचे.

मामाचंही तसंच. हजेरी तो घेत नाही, ती मी आणि मामी घेतो. पण आमची हजेरी व्हायच्या आधीच तो सांगतो, "आज ओवीमागचं पोर न्हाई." पोरांना तो चालीवरून ओळखतो. शिवांश टाच घासतो, आरोही उंबरा नसला तरी उडी मारते, स्वराज आधी दप्तर आत टाकतो आणि मग स्वतः येतो. खुटबावच्या दोन जुळ्या आहेत, स्वरा आणि स्वरूपा, त्यांच्या आईनं एकीच्या कानामागं काजळाचा ठिपका लावून पाठवलं होतं, आम्हाला कळावं म्हणून. मामानं पाठ फिरवून नुसते पाय ऐकले आणि बरोबर सांगितलं. आई म्हणाली, मामा, ठिपका मी आज चुकून दुसरीलाच लावला, तुम्ही कसं ओळखलं? मामा म्हणाला, "ठिपका कशाला बघू? स्वरूपा चालताना वाटंतल्या वाटंत थांबती."

सगळ्यांनाच हे आवडायचं असं नाही. एक बागायतदार पालक एकदा पांढऱ्या गाडीतून उतरून तणतणत आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा माणूस पोरांना कळपासारखं आत घेतो. म्हणाले, "आमची पोरं म्हंजी काय मेंढरं हायत व्हय?"

"न्हाई आप्पा," मामा शांतपणे म्हणाला. "मेंढरू चुकलं तर माझा बाप भाकरीला शिवायचा न्हाई. तुमचं पोर काल शाळा सुटल्यावर अर्धा तास पायरीवर बसलं हुतं. तुमी जेवलाव का काल?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी पांढरी गाडी फाटकासमोर उभी.

आणखी एक गंमत सांगते. पहिल्या स्पोर्ट्स डेला मामीनं माईक घेतला आणि गोड आवाजात सांगायला लागली, चिल्ड्रन, लाइन करा. चिल्ड्रन अख्ख्या मैदानात पसरली होती. एक पोर उसात शिरायच्या बेतात होतं. मी इकडून तिकडं पळत होते, एकाला धरलं की दुसरं सुटायचं. मामा खुर्च्या लावत होता, त्यानं मान वर केली आणि जीभ टाळ्याला लावून आबांचा तो आवाज काढला, टिर्रर्र करून, फार मोठा नाही. सगळी पोरं आपोआप त्याच्याभोवती गोळा. प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलेल्या सरपंचबाईसुद्धा खुर्चीतून उठून दोन पावलं पुढं आल्या होत्या, मी स्वतः पाहिलंय. मामी माईक हातात धरून तशीच उभी. नंतर मला म्हणाली, कोर्समध्ये ह्याला ट्रान्झिशन सिग्नल म्हणतात. मामीचं हे मला फार आवडतं. मामावर ती कितीही चिडली तरी मामानं केलेल्या प्रत्येक गोष्टीला ती कोर्समधला एक शब्द शोधून देते.

आता ज्यावरून घरात वर्षभर अबोला-बोला चालला होता ते. मामीला दुसरी शाळा काढायची होती, तिच्या माहेरी, कवठ्याला. तिच्या भावाचं डाळिंब पॅकिंगचं शेड रिकामं पडलं होतं आणि भाऊ द्यायला तयार होता. ही काही धंदा वाढवायची हौस नव्हती. मामी चार वर्षांची असताना तिचा भाऊ शाळेत जायचा आणि ही त्याच्यामागं जाऊन वर्गाच्या बाहेरच्या पायरीवर बसायची. वय बसत नव्हतं, त्यामुळं हजेरीत नाव नव्हतं आणि नाव नव्हतं म्हणून आत जाता येत नव्हतं. आतली कविता ती बाहेर बसून पाठ करायची. तिला अजून त्या पायरीचा गारवा आठवतो म्हणते. त्या गावात तीन-चार वर्षांच्या पोरांना बसायला चांगली जागा व्हावी एवढंच तिचं होतं, आणि हे सांगताना ती पुण्याची मराठी बोलायची नाही.

मामा प्रत्येक वेळी एकच म्हणायचा, "दोन फाटकात एक माणूस उभा ऱ्हात न्हाई." आणि तेही खरंच. वरवंडवरून चौफुला, न्हावरा, शिरूर करत कवठ्याला जायला गाडीवर दोन तास. मामी म्हणायची फाटकात दुसरा माणूस ठेवू. मामा म्हणायचा, "त्याला चाल कळंल का?" मामी म्हणायची चाल कशाला कळायला पाहिजे, ॲप आहे, पोर आलं की आईच्या मोबाइलवर मेसेज जातो. मामा म्हणायचा, "मेसेज जातो गं. पण फाटकात कोण असतंय?" इथं येऊन ते दोघं रोज थांबायचे. मामीच्या भावाचा फोन यायचा, शेड दुसऱ्याला देऊ का? मामी म्हणायची, जरा थांब. असं करत करत संक्रांत गेली.

आणि मग ग्रुप फोटो झाला. दर वर्षी आम्ही सगळ्या शाळेचा एक फोटो काढतो, कांदाचाळीसमोर, फुलपाखरांच्या पुढ्यात. फोटोवाल्यानं विचारलं किती कॉपी, मामीनं रजिस्टर बघून सांगितलं बावन्न. फोटोवाला दोन दिवसांनी फोटो घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, चेहरे त्रेपन्न आहेत, एक घर राहील की. मामी हसली. म्हणाली, माझं बाळ टीचर पण मोजलं असेल. म्हणजे मी. मी उंचीनं कमी आहे, असू दे. पण मग मामीनं पेन्सिलीचं टोक एकेका चेहऱ्यावर ठेवत मोजलं. मला सोडून त्रेपन्न. पुन्हा मोजलं. मग आम्ही दोघींनी रजिस्टर घेऊन एकेक नाव लावलं, आणि तिसऱ्या रांगेत, जुळ्यांच्या शेजारी, दोन वेण्या घातलेली एक मुलगी उरली.

"ही तुझ्या वर्गातली ना?" मामी म्हणाली.

मी म्हणाले, "मला वाटलं तुमच्या. माझ्याकडं नुसती खेळायला येते."

म्हणजे बघा. दिवाळीपासून ती पोरगी रोज येत होती. माझ्या वर्गात ठसे काढत होती, मामीच्या वर्गात गाणी म्हणत होती, आमच्या दोघींच्या हातचं दूध प्यायली होती, आणि आम्हा दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं की ही कुणाच्या हजेरीत आहे. मामीनं मामाला हाक मारली. मामानं फोटो हातात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"अहो, ही कोण?"

"रोशनी."

"कुणाची?"

"गुऱ्हाळावरची. पाटसकडच्या. तिचा बाप कढईवर असतोय, यूपीकडला हाय."

"ॲडमिशन कधी झाली तिची?"

"रोज येती की."

"फॉर्म कुठंय म्हणते मी."

"तिच्या बापाला लिवता येत न्हाई," मामा म्हणाला. "स्वरूपाच्या दप्तराला धरून आली एक दिवस फाटकात. मी म्हणलं, ये. फॉर्म काय पळून जात न्हाई, पोरगी पळून जाईल." मग म्हणाला, "तू पायरीवर बसली हुतीस तवा कुणी ये म्हणलं असतं तर?"

मला वाटलं संपलं, मामा जिंकला. पण मामी माझी मामी आहे. ती खाली बसली आणि अगदी हळू आवाजात, कवठ्याची मराठी बोलत म्हणाली, "आत घेतलीत ते बरं केलंत. पण मला येक सांगा. आखाडात तुमी चार दिवस तापानं पडला हुता. तसं मागच्या महिन्यात पडला असता आन् ही त्या दिवशी हायवेकडं गेली असती, तर कुणाला कळलं असतं? माझ्या वहीत न्हाई, हिच्या वहीत न्हाई. सुटताना बावन्न पोरं मोजून मी फाटक लावलं असतं. तुमचा बाप तापानं पडायचा तवा मेंढरं कोण आत घ्यायचं?"

मामानं फोटो टेबलावर ठेवला, परत उचलला. शेवटी म्हणाला, "आई घ्यायची. बापानं तिला समदी शिकवली हुती." आणि फाटकाकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो एक शंभर पानी वही घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "पोरी, लिव." मामी रजिस्टरात रोशनीचं नाव चढवत होती, तिच्या वडिलांना बोलावून फॉर्मवर अंगठा घेतला होता. ते फार लाजत होते बिचारे, सारखं "बच्ची परेशान तो नहीं करती?" विचारत होते. मामा सांगायला लागला आणि मी लिहायला लागले. कोण कुणामागं येतं. कुणाची टाच, कुणाचं दप्तर, कुणाला डोक्यावर हात ठेवलेला आवडत नाही, त्याच्या खांद्यावर ठेवायचा. स्वराजला सोमवारी रडू येतं, त्याच्याशी बोलायचं नाही, नुसतं ओवीशेजारी बसवायचं. ओवीशेजारी कुणीही शांत होतं. आबांच्या कळपात पुढं चालणारी एक शेळी असायची तशी ती आहे. मामीनं तिकडून मान न वळवता सांगितलं, "पिअर सपोर्ट." मामा म्हणाला, "व्हय, तेच लिव." आठ दिवस आम्ही लिहीत होतो. शेवटच्या पानावर मी सवयीनं खाली आकडा टाकायला गेले तर मामानं पेन धरलं. म्हणाला, एवढं नको.

मग त्यानं मला फाटकात उभं केलं. तो माझ्यामागं स्टुलावर बसायचा, पाठ फिरवून, आणि पायांचे आवाज ऐकायचा. मी चुकीचं नाव घेतलं की नुसतं खोकायचा. पहिल्या दिवशी तो एवढा खोकला की एका आईनं माझ्याकडं त्याच्यासाठी खोकल्याचं औषध आणून दिलं. होळीपर्यंत त्याचा खोकला थांबला. त्या संध्याकाळी त्यानं मामीला चहा पिताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "तुझ्या भावाला सांग, शेड दुसऱ्याला देऊ नको." मामीनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "फाटकाला पल्ले किती बसवायचे?" मामा म्हणाला, "दोन. पण कडी एकालाच लाव."

होळीनंतर थोड्याच दिवसांत गुऱ्हाळ बंद झालं. ऊस संपला की ती माणसं जातात, हे काही नवीन नाही. पण आमच्याकडं कुणी सांगितलं नव्हतं की उद्या जाणार म्हणून. त्या सकाळी जुळ्या आत आल्या आणि मामानं हात पुढं केला तो तसाच राहिला. मागून शिवांश टाच घासत आला आणि हाताखाली येऊन उभा राहिला, तेव्हा कुठं मामानं त्याचं नाव घेतलं. दुपारी मामी गाडी काढून पाटसकडं जाऊन आली. नुसती चूल होती म्हणाली. संध्याकाळी तिनं रजिस्टरमध्ये रोशनीच्या नावापुढं "स्थलांतर" लिहिलं, लाल पेनानं, नियमाप्रमाणं. मी वहीतलं नाव खोडायला घेतलं तर मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दी."

जूनमध्ये कवठ्याची शाळा सुरू झाली. मामी सांगते, उद्घाटनाला गावातल्या बायकांनी तिची ओटी भरली आणि पहिल्याच दिवशी एक चार वर्षांची पोरगी पायरीवर बसून राहिली, आत यायला तयार नाही. मामी जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसली. दोघी किती वेळ बसल्या होत्या ते मामाला विचारा, त्यानं फाटक तोवर लावलं नव्हतं. आता मामा आठवडाभर तिकडंच असतो, नवीन पोरांच्या चाली शिकत. म्हणतो, डोंगराकडची पोरं पाय उचलून टाकत्यात, वेळ लागंल. डाळिंबाच्या शेडला कसला वास येत नाही, मामी खूश आहे.

इकडं वरवंडच्या फाटकात मी असते. सकाळी दहा वाजता मामाचा फोन येतो. कसं चाललंय, पाऊस आहे का, स्कूटीचं पंक्चर काढलं का, काही विचारत नाही. एवढंच म्हणतो, "हं, सांग." आणि मी वहीतल्या क्रमानं नावं सांगते. ओवी. स्वराज, आज रडला नाही. आरोही. स्वरा, स्वरूपा. इथं मी थांबते. फोनमधून कवठ्याच्या फाटकाची कडी वाऱ्यानं वाजलेली ऐकू येते. मग मी म्हणते, शिवांश.